बस्तानीतले चार कप

(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला सांगण्यात आले होते, शाळेच्या आठवणी सांग, पण थोडक्यात. आता छडीची आठवण सांगून झाली, घंटेची झाली, जीवदानीच्या डोंगरावरच्या सहलीची तर दोनदा झाली. म्हणून मी एका हॉटेलाबद्दल बोलणार आहे. ते चंदनसारला नव्हते, विरारलाही नव्हते. मुंबईत धोबीतलावला होते. तरी आपल्या वर्गातल्या चौघांचे ते हॉटेल होते. त्यांतले तिघे आज इथे बसले आहेत. चौथा कुवेतला आहे.

हॉटेलाचे नाव बस्तानी. मरीन लाइन्सला उतरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत गेले की यायचे. समोरच्या बाजूला कयानी. कयानी 1904 पासून आहे, बस्तानी 2004 मध्ये बंद झाले.

1983 साली आपण दहावी झालो. आम्हा तिघांना मुंबईच्या कॉलेजांत प्रवेश मिळाला. चौथ्याला आमच्यापेक्षा चांगले गुण होते, हे सरांना आठवत असेल. पण तो मंगळदास मार्केटजवळ कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायला लागला. घरी बहिणी होत्या, वडील आजारी होते. चंदनसारहून पहाटे अंधारात चौघे चालत स्टेशनला जायचो, एकाच डब्यात चढायचो. लोकल तेव्हा विरारलाच संपायची, डहाणूपर्यंत ती 2013 मध्ये गेली. म्हणजे विरारला बसायला जागा मिळायची. हे सुख त्या काळच्या विरारकरांनाच ठाऊक.

शनिवारी त्याचे दुकान लवकर सुटायचे. त्या दिवशी आम्ही बस्तानीत भेटायचो. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, काउंटरवर काचेच्या मोठ्या बरण्या. पानी-कम चहा आणि ब्रून मस्का. ब्रून इतका कडक की चहात बुडवल्याशिवाय दात लागत नसे, आणि बुडवला की मस्का वितळून चहावर तेलाचे गोल तरंगायचे. मावा केक फक्त कोणाचा निकाल लागला तर.

हे इराणी लोक म्हणजे याझ्द, केरमान भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि त्यानंतर मुंबईत आलेले झरथुष्ट्री. त्यांच्यातलेच काही आपल्याच लाइनवर पुढे डहाणू, घोलवड, बोर्डीला गेले आणि त्यांनी चिकूच्या वाड्या केल्या. आपण लहानपणी जो चिकू खाल्ला आणि कॉलेजात जो ब्रून खाल्ला, ते तसे एकाच समाजाच्या हातचे. भूगोलाच्या तासाला हे कोणी सांगितले असते तर मी जास्त लक्ष दिले असते. बाई, माफ करा.

बस्तानीतला गिऱ्हाइकांसाठीच्या सूचनांचा फलक प्रसिद्ध होता. हे करू नका, ते करू नका. निस्सिम इझिकेल यांनी त्यावरून इंग्रजीत एक कविता केली. इझिकेल बेने इस्रायली, म्हणजे मूळचे आपल्या कोकणातलेच. बस्तानी बंद झाले त्याच वर्षी, जानेवारीत, ते गेले. त्या कवितेत शेवटाकडे, जात कोणतीही असो, सगळ्यांचे स्वागत आहे, असा मजकूर येतो. मी ती फार उशिरा वाचली. वाचली तेव्हा मला आमचा चौथा मित्र आठवला.

आता जे सांगतो ते इतकी वर्षे सांगितले नाही. काल त्याला फोन करून विचारले. म्हणाला, "सांग. पण नाव घेऊ नकोस, आणि रडू नकोस."

तो डोंगराकडच्या पाड्यावरचा. शाळेत आम्ही चौघे एकाच बाकावर बसायचो, एकमेकांचे डबे खायचो. पण शाळा सुटल्यावर गावाकडच्या एका हॉटेलात चहाला गेलो, की आम्ही तिघे आत बसायचो आणि तो बाहेर उभा राहायचा. त्याचा पेला वेगळा असायचा, बाहेर खांबाला टांगलेला. चहा झाला की तो स्वतः विसळून परत टांगायचा. आत का येत नाहीस, असे आम्ही त्याला कधीही विचारले नाही. कारण ठाऊक होते. आम्ही बशी फुंकत दुसरीकडे बघायचो.

पहिल्यांदा बस्तानीत गेलो तेव्हा तो दारातच थांबला. आम्ही तिघे आत शिरलो, सवयीने. वेटर वैतागून ओरडला, "अंदर आव ना, रस्ता क्यूं रोकता है?" तो आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला. वेटरने चार कप आदळले. चारही सारखे, एकाचा कान तुटलेला. तुटका कप माझ्यापुढे आला.

त्याने तो चहा किती वेळ पुरवला! चहा संपल्यावर तो कप उचलून विसळायला निघाला. वेटरने त्याच्या हातातून काढून घेतला. आम्ही तेव्हा हसलो. सर, आम्ही हसलो.

पुढे एफवायला माझा परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि घरातून पैसे येण्याची चिन्हे नव्हती. शेवटचा शनिवार होता. त्याच टेबलावर त्याने आठवड्याचा पगार काढला, 85 रुपये मोजून माझ्या वहीत ठेवले आणि ब्रून चहात बुडवला. घरी काय सांगितले, कधी बोलला नाही. तुम्ही मला आज "मोठा साहेब" म्हणून इथे उभे केले आहे. त्या फॉर्मची फी मी भरलेली नाही, एवढे या निमित्ताने नोंदवून ठेवतो.

2004 मध्ये मी फोर्टमध्ये नोकरीला होतो. एकदा धोबीतलावला उतरलो तर बस्तानीचे शटर खाली. पुढच्या शनिवारी त्याला बोलावले. दोघे रस्त्याच्या अलीकडे उभे राहून शटरकडे बघत होतो. मी विचारले, "तेव्हा आम्ही हसलो ते आठवते?" तो म्हणाला, "तुम्ही कशाला हसलात ते तुम्हांला माहीत. मी त्या दिवशी घरी आईला सांगितले, कप दुसऱ्याने धुतला."

मग आम्ही कयानीत गेलो. बिल मी दिले. ते देऊ द्यायला तो दहा मिनिटे भांडला.

आज तो मागच्या रांगेत, खिडकीजवळ बसला आहे. आपल्या कार्यक्रमाचा चहा त्यानेच ठरवला आहे. मी त्याला ब्रून मस्का मिळेल का विचारले होते. म्हणाला, "विरारला तसला ब्रून कुठे? खारी आणली आहे." ती बाहेरच्या टेबलावर आहे. भाषणे अजून दोन आहेत, पण खारी मऊ पडायच्या आत खा.