तिसरीतलं पोर वाचतं का?



अध्यक्षाने आधी आभार मानायचे आणि मग आपण या पदाला किती अपात्र आहोत हे पंधरा मिनिटं ऐकवायचं, अशी आपल्या शिक्षक अधिवेशनांची रीत आहे. आभार मी मनापासून मानतो. उरलेला भाग चहाच्या वेळी तुम्ही करालच.

1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात आल्या. तेव्हापासून आपण जे मिळवलं ते कमी नाही. पाटण-जावळीच्या डोंगरातल्या वाड्यांपासून माण-खटावच्या माळापर्यंत शाळा पोचली. मुली आल्या, पुस्तकं फुकट मिळाली, दुपारची खिचडी शिजू लागली. याच साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवा रामजी आंबेडकर नावाच्या मुलाचा शाळेत प्रवेश झाला. रजिस्टरातली ती 1914 क्रमांकाची नोंद आजही आहे आणि ते प्रतापसिंह हायस्कूल आज जिल्हा परिषद चालवते. दाखल करून घेण्याची लढाई आपण बहुतांशी जिंकलो आहोत. आता प्रश्न दाखल झालेल्या पोराचा आहे: ते शिकतं का?

‘असर’ या ग्रामीण शैक्षणिक पाहणीचे सर्वेक्षक मुलांच्या घरी जातात आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट वाचायला देतात. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत, तिसरीच्या वर्गात ती वाचू शकणारी मुलं 2018 मध्ये 20.9 टक्के होती. कोरोनानंतर, 2022 मध्ये, 16.3 टक्के झाली आणि 2024 मध्ये 23.4 टक्के. म्हणजे बुडालेलं दोन वर्षांत वसूल झालं आणि वर थोडं हाती लागलं. आपलं राज्य या सरासरीच्या पुढे आहे, त्याचं श्रेय तुम्हाला आहेच. पण देशात शंभरातली जवळपास सत्त्याहत्तर मुलं मागे राहिली असताना त्यांच्या पुढे असण्यात फार छाती फुगवण्यासारखं काही नाही.

‘निपुण भारत’ अभियान 5 जुलै 2021 रोजी सुरू झालं. 2026-27 पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि अंकगणिताचा पाया पक्का व्हावा, हे त्याचं ध्येय. मुदत दारात येऊन उभी आहे. शासनाच्या अनेक योजनांबद्दल माझी तक्रार असते, पण या ध्येयाबद्दल नाही. ध्येय एकच आहे आणि नेमकं आहे. तक्रार आहे ती आपण ते मोजतो कसं याबद्दल.

तिसरीसाठी मिनिटाला किमान साठ शब्द हे माप ठरलं आहे. हिंदीत ‘घर के अंदर से’ हे चार शब्द होतात, आपल्याकडे ‘घरातून’ या एकाच शब्दात काम भागतं. मराठीचे साठ शब्द म्हणजे लांबलचक साठ शब्द, त्यात जोडाक्षरं आणि रफार. हे ठाऊक नसलेला अधिकारी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसला, की पोर घाबरून पळत सुटतं आणि अर्थ मागे राहतो. घड्याळ ठेवा, पण वाचून झाल्यावर ‘गोष्टीत काय झालं?’ हे विचारल्याशिवाय आकडा लिहू नका.

केंद्रप्रमुख असताना एका द्विशिक्षकी शाळेत मी तिसरीतल्या एका मुलीला पाठ वाचायला सांगितला. खणखणीत आवाजात, एकही अडखळ नाही. मी तिच्या बोटाकडे पाहत होतो. तोंड तिसऱ्या ओळीवर होतं आणि बोट चौथीच्या मध्यावर. पाठ तोंडपाठ होता. मी तिच्या दप्तरातलं बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण काढलं आणि त्यावरची मराठी ओळ पुढे केली, तेव्हा ती गप्प झाली. त्या शाळेच्या कागदावर ती ‘वाचणारी’ होती आणि कागद तयार करणाऱ्या बाईंनी खोटं लिहिलं नव्हतं. त्यांना दाखवायला सांगितलेली गोष्ट त्यांनी दाखवली होती. साठपर्यंत पट असला की कायद्याने शिक्षक दोन. बाईंकडे पहिली, दुसरी, तिसरी एकाच खोलीत. त्यातून एक डोळा पोषण आहाराच्या नोंदीवर आणि दुसरा मतदार यादीवर. बोट कुठे आहे हे पाहायला तिसरा डोळा आणायचा कुठून?

गणिताचंही तेच. 52 मधून 27 वजा करायला सांगा. निम्म्या वह्यांत 35 येतं. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन; लहान अंक मोठ्यातून काढायचा एवढंच पोराला कळलं आहे. लाल पेनाने फुली मारून ते सुधारत नाही. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात द्या, दोन सुट्या काड्यांतून सात काढायला सांगा. पोर थोडा वेळ बघतं आणि स्वतःच एका गठ्ठ्याचा रबर सोडतं. आपल्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी हे करून दाखवलं आणि राज्यभरातून शिक्षक गाड्या करून पाहायला आले. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमामागे त्या कामाचा वाटा होता. पण पुढे काय झालं? काहींनी फरशीवर रंगवलेली वर्तुळं आणि भिंतीवरचे तक्ते तेवढे घेतले. रंगाऱ्याचं बिल निघालं, काड्यांचे गठ्ठे कपाटात गेले. मग ‘शंभर टक्के प्रगत’ अशा पाट्या लागल्या. राज्यभर लागल्या, कुठल्या एका जिल्ह्याला बोल लावत नाही.

ही पाटी मला खटकते. वर्गात मंद गतीने शिकणारं पोर असतं, सहा महिने उसाच्या फडावर राहून आलेलं असतं, घरी वेगळी बोली बोलणारं असतं. अशा वर्गात शंभर टक्के येतात तेव्हा त्या पोरांची नावं कुठेतरी खोडली गेलेली असतात. 2011 च्या पटपडताळणीत पटावरची लाखो नावं वर्गात सापडली नाहीत, हे आपण पाहिलं. तेव्हा मुलं नसताना नावं होती. आता मुलं समोर बसली आहेत आणि त्यांची गरज कागदावरून गायब आहे. पहिल्या प्रकारात पैसा बुडाला, दुसऱ्यात मूल बुडतं.

शिक्षक खोटा आकडा आळसाने भरत नाही. कमी आकडा भरला की नोटीस येते, खुलासा मागवला जातो, आढावा बैठकीत उभं केलं जातं. जास्त भरला की सत्कार. एवढं गणित आपल्या चौथीच्या पोरालाही येईल. म्हणून व्यासपीठावरच्या अधिकारी मंडळींना माझं सांगणं आहे, की पुढची दोन वर्षं अध्ययनस्तराच्या आकड्यावर एकाही शिक्षकाला नोटीस काढू नका. आकडे घसरतील. घसरू द्या. मग निदान खरी जमीन पायाखाली असेल.

आणि आपण काय करायचं? पहिलीचा वर्ग शाळेतल्या सर्वांत अनुभवी शिक्षकाला द्या आणि जमेल तिथे तिसरीपर्यंत तोच ठेवा. नव्याने रुजू झालेल्याला पहिली आणि ज्येष्ठाला सातवी, हा रिवाज उलटा आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत फोटोंचं सादरीकरण बंद करून प्रत्येकाने न वाचणाऱ्या एका मुलाची वही आणावी. अर्धा तास तीच वही सर्वांनी पाहावी. चावडी वाचनाला गावासमोर पाठ्यपुस्तक नको, त्या दिवशीचं वर्तमानपत्र हातात द्या. सरपंचांसमोर पोर अडखळलं तर अडखळू दे, गावालाही कळलं पाहिजे.

कमी पटाच्या शाळांविषयी मी बोलावं, अशी अनेकांची अपेक्षा आहे. राज्यात विसाहून कमी पटाच्या शाळा 14 हजारांच्या वर आहेत आणि त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार 2023 पासून चालू आहे. डोंगरातलं सात वर्षांचं पोर पावसाळ्यात ओढा ओलांडून समूह शाळेत कसं जाईल, याचं उत्तर मंत्रालयाच्या नकाशावर मिळत नाही. अशी शाळा वाचवायची तर भावनेची भाषा पुरत नाही. या शाळेतली सगळी पोरं वाचतात, हे दाखवावं लागेल, तेही अनोळखी उताऱ्यावर.

दुपारच्या सत्रात ठराव मांडले जातील. वेतनश्रेणीचा, जुन्या पेन्शनचा आणि अशैक्षणिक कामांविरुद्धचा असे ठराव आहेतच, त्यांना माझा पाठिंबा आहे. त्यांच्या जोडीला आणखी एक घ्या: दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक शिक्षक आपल्या तिसरीतल्या प्रत्येक मुलाला न शिकवलेला एक उतारा स्वतः वाचायला देईल आणि जे वाचू शकत नाहीत त्यांची नावं, टक्केवारी न काढता, आपल्या वहीत लिहील. ती यादी वर कुणाला पाठवायची नाही. तिच्यावर काम करायचं आहे. हा ठराव हात वर करून मंजूर करावा, ही विनंती.