प्रश्नांसाठी अर्धा वेळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुम्ही तीस वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलंत, विद्यापीठातली चर्चासत्रं पाहिलीत, तेव्हा राजकारण, नीती आणि सार्वजनिक धोरण यांवर दहा मिनिटं बोला." एवढा पसारा दहा मिनिटांत मावणार नाही. म्हणून मी फक्त त्या चर्चासत्रांबद्दल बोलतो. धोरणाची चर्चा कुणासमोर होते, हाच मला नीतीचा पहिला प्रश्न वाटतो.

आपल्या परळला भाषणांचं नवल नाही. ९ मार्च १९२४ रोजी इथल्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. बाबासाहेब तेव्हा जवळच्याच बीआयटी चाळीत राहत होते. लंडनहून अर्थशास्त्रातली सर्वोच्च पदवी घेऊन आलेला माणूस, आणि ज्यांच्याविषयी बोलायचं ती माणसं समोर बसलेली. हेच बाबासाहेब १९३९ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत संघराज्याच्या योजनेवर विद्वानांपुढे बोलले. त्यांना दोन्ही सभा महत्त्वाच्या वाटल्या. मधल्या काळात, १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषणातला मजकूर पाहिल्यावर मंडळी कचरली आणि परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. ज्याला बोलवायचं त्याला त्याचं म्हणणं मांडू द्यायचं, एवढं धैर्य आयोजकाकडे हवं, हा धडा त्यातून घ्यावा.

आता आजची चर्चासत्रं पाहा. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, बीजभाषण. मग एकेका वक्त्याला सात मिनिटं. शेवटी सूत्रसंचालक म्हणतात, "वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत, प्रमाणपत्रं बाहेरच्या टेबलावर मिळतील." २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. परिषदेत निबंध वाचला की गुण. हेतू वाईट नव्हता, पण निबंध वाचणारे वाढले आणि ऐकणारे घटले.

याने बिघडतं काय, ते आपल्याच भागातल्या उदाहरणाने सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरची चूल त्यावर होती. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि उरली ती सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात बदल झाला.

त्यानंतर काही वर्षांनी एका कॉलेजात शहरी विकासावर चर्चासत्र होतं. आमच्या वर्गातल्या एका मित्राचे वडील, साचाखात्यात आयुष्य घालवलेले, माझ्याबरोबर आले होते. पडद्यावर परळचा नकाशा होता, भाषण इंग्रजीत. अण्णा उठून उभे राहिले आणि मराठीत विचारलं, "साहेब, तिसरा हिस्सा म्हणता, पण कशाचा?" सभागृहात थोडं हसू पिकलं. वक्त्यांनी आकृती पुन्हा दाखवली आणि पुढे गेले.

पण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. आधी वाटणी साऱ्या जमिनीची मानली जात होती. २००१ नंतर ती फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जागेची उरली. गिरणीची शेड पाडल्यावर रिकामी झालेली जमीन वाटणीत येईना, आणि गिरणीत मोकळी जागा ती किती असायची! उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात याच मुद्द्यावर वाद झाला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल ग्राह्य धरला. अण्णांनी कायदा वाचला नव्हता. आयुष्यभर पगाराच्या पावतीतली कपात तपासायची सवय होती, म्हणून नेमका प्रश्न त्यांना सुचला. तो कुणी तेव्हा फळ्यावर लिहून घेतला असता, तर निकाल बदलला असता असं मी म्हणत नाही. पण आपल्या वाट्याचं काय कमी होतंय, हे निदान आपल्याला वेळेवर कळलं असतं.

आज चाळींचा, जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. करारनामे जाडजूड, भाषा कायद्याची, आणि सही मात्र आपल्या आईवडिलांची. "कशाचा?" हा प्रश्न पुन्हा विचारायची वेळ आली आहे.

म्हणून एक सूचना करतो. दरवर्षी १८ जानेवारीला शाळेच्या सभागृहात एक व्याख्यान ठेवू. विषय आपल्या भागाला लागू असलेलं एखादं सरकारी धोरण. वक्ता विद्यापीठातला असो वा सरकारी अधिकारी. बोलणं मराठीत, आणि निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखलेला. विरुद्ध मताच्या माणसालाही तेवढ्याच आदराने बोलवायचं. दहावीच्या मुलांनी प्रश्न-उत्तरं लिहून काढायची आणि ती वही शाळेच्या वाचनालयात ठेवायची. हारतुरे नकोत, प्रमाणपत्रंही नकोत.

मुख्याध्यापकांनी सभागृह द्यायचं मान्य केलं आहे. पहिला विषय पुनर्विकासाचा करारनामा कसा वाचावा, हा घेऊ. आपल्या माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, पालिकेत नोकरी केलेले आहेत. त्यांनी आज जाण्यापूर्वी माझ्याकडे नाव द्यावं.