उलटण्याची आणि सावरण्याची विद्या

पोहणें शिकविणारा मुलाला प्रथम तरंगावयास शिकवितो, घोडेस्वारी शिकविणारा प्रथम मांड ठोकावयास शिकवितो. कायाक नांवाच्या अरुंद, बंद होडीची विद्या मात्र निराळ्या ठिकाणाहून सुरू होते. तींत विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशीं, होडी नीट चालवितां येण्यापूर्वीं, ती उलटावयास सांगतात. हें ऐकून नवख्या माणसास हंसूं येतें. परंतु ज्या लोकांनीं ही होडी घडविली त्यांचें जीवन ध्यानांत घेतलें म्हणजे या क्रमांतील शहाणपण उमगूं लागतें.

हे लोक म्हणजे उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांतील इन्युइट. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर होड्या बांधण्याजोगीं झाडें नाहींत. तेव्हां समुद्रानें वाहून आणलेल्या लांकडाची हलकी चौकट बांधावयाची आणि तिच्यावर सील नांवाच्या जलचराचें कातडें ताणून शिवावयाचें, अशी त्यांची कायाक तयार होई. तिची लांबी सुमारें १६-१७ फूट असे, पण रुंदी बसणाऱ्याच्या कमरेहून फारशी अधिक नसे. मोजमापें घ्यावयाचीं तींहि मालकाच्याच अंगावरून. होडीची पाठ सर्व बाजूंनीं बंद. मध्यें एक माणूस शिरेल एवढेंच तोंड. शिकारी आंत बसला म्हणजे आपल्या कातडी अंगरख्याचा घेर त्या तोंडाच्या कडेभोवतीं घट्ट आवळून घेई आणि पाण्याला आंत शिरण्यास वावच उरत नसे. माणूस आणि होडी मिळून जणूं एकच जलचर होई.

अशी होडी चपळ आणि नि:शब्द असली तरी अतिशय उलटखोर असते. तिकडील पाणी बर्फाच्या शेजारचें. उलटलेली होडी सोडून पोहूं लागणें म्हणजे मृत्यूच्या हातीं जाणें. म्हणून बसल्या जागींच, वल्ह्याच्या एका फटक्यासरशीं, पुन्हां सरळ होण्याची गिरकी त्यांनीं शोधून काढली. वल्हें मोडलें, हातांतून निसटलें किंवा दोरींत गुंतलें, तर काय करावें याचेहि निरनिराळे प्रकार त्यांनीं बसविले. डेव्हिड क्रांट्झ यानें १७६५ मध्यें जर्मन भाषेंत प्रसिद्ध केलेल्या ग्रीनलंडच्या इतिहासांत अशा दहा रीतींचें वर्णन आहे. पुढें हान्स पावलाटा नांवाच्या ऑस्ट्रियन गृहस्थानें जुनीं वर्णनें वाचून ही गिरकी १९२७ मध्यें स्वत: साध्य केली. ग्रंथांवरून पाण्यांतील विद्या हस्तगत झाल्याचें असें उदाहरण विरळाच.

आजच्या कायाका प्लॅस्टिकच्या किंवा कांचतंतूंच्या असतात. गोव्याच्या खाड्यांतून प्रवाशांना देतात त्या बहुधा वर बसावयाच्या. तींतून पडलें तर पुन्हां वर चढावें, इतकेंच. ज्या कायाकेंत पाय पाठीखालीं घालून आंत बसावें लागतें, तिची गोष्ट वेगळी. गुडघे वरच्या पाठीला आंतून टेकलेले असल्यामुळें ती कमरेच्या हालचालीला तत्काळ उत्तर देते. वारा आणि शिंतोडे यांपासूनहि रक्षण होतें. पण तीच उलटली म्हणजे आंतील माणूस डोकें खालीं करून अडकल्यासारखा होतो, आणि तो बाहेर पडतांच होडी पाण्यानें भरूं लागते. म्हणून पहिला धडा सुटकेचा.

हा धडा उथळ, संथ पाण्यांत, शिक्षक शेजारीं उभा असतांना घ्यावयाचा. अंगांत तरंगतें जाकीट हवेंच. कमरेच्या घेराला पुढच्या बाजूस एक पट्टा असतो. तो नेहमीं बाहेर, हाताला लागेल असा ठेवावा. होडी उलटली म्हणजे प्रथम अंग पुढें वांकवावें, म्हणजे डोकें व चेहरा यांना इजा होत नाहीं. मग चांचपून पट्टा धरावा, तो आधीं पुढें व मग बाहेर ओढावा. घेर सुटला कीं दोन्ही तळहात कमरेशेजारीं होडीच्या कडेवर टेकावे आणि पायजमा उतरवावा तशी ती अंगावरून खालीं लोटावी. हें सर्व कांहीं सेकंदांचें काम आहे. खरा शत्रु पाणी नसून घाई आहे. ज्यानें दहा वेळां शांतपणें अशी सुटका करून घेतली, त्याच्या मनांतील भीति जाते, आणि भीति गेली म्हणजेच हात मोकळेपणीं वल्हें मारूं लागतात.

वल्हें दोन पात्यांचें असतें. नवखा तें केवळ दंडांच्या बळानें ओढतो आणि अर्ध्या तासांत थकतो. जाणता पाय पुढें रोंवून, पाठ ताठ ठेवून, सबंध धड फिरवितो. हात केवळ दुवा. वळावयाचें तर पातें होडीपासून दूर, मोठ्या कमानींत फिरवावें. तोल जाऊं लागला तर पातें पाण्यावर आडवें थोपटावें आणि त्याच क्षणीं कमरेच्या झटक्यानें होडी अंगाखालीं सरळ करावी. गिरकीचें मर्महि याच झटक्यांत आहे. बुडणारा माणूस स्वाभाविकपणें आधीं डोकें वर काढूं पाहतो, आणि तेथेंच फसतो. पाण्यांत असेतों डोक्याचें ओझें पाणी पेलतें. तें बाहेर येतांच त्याचा सारा भार होडीला पुन्हां खालीं खेंचतो. म्हणून आधीं होडी, मग धड, आणि सर्वांत शेवटीं डोकें, हा क्रम. श्वासासाठीं तडफडणाऱ्या देहाला सर्वांत शेवटीं श्वास घ्यावयास शिकविणें, हीच या विद्येची तपश्चर्या.

तरीहि गिरकी चुकते. अशा वेळीं एकट्यासाठीं एक उपाय आहे. वल्ह्याच्या एका पात्यावर हवेनें फुगविलेली पिशवी चढवावयाची, दुसरें टोक होडीच्या पाठीवर आडवें दाबून धरावयाचें आणि त्याच्या आधारानें वर चढावयाचें. कोंकणच्या किनाऱ्यावर उलांडीची होडी ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना यांतील युक्ति सांगावयास नको. पण लाटा मोठ्या असल्या तर ही उलांडी अपुरी पडते.

खरा भरंवसा सोबत्याचा. तो आपली होडी उलटलेल्या होडीच्या पुढच्या टोकाशीं आडवी आणतो. तें टोक उचलून आपल्या पाठीवर ओढून घेतो, म्हणजे आंतील बहुतेक पाणी ओघळून जातें. मग होडी सरळ करून तो ती आपल्या होडीला समांतर, उलट दिशेनें तोंड करून लावतो, आणि तिच्यावर ओणवून तिची कड दोन्ही हातांनीं घट्ट धरतो. पाण्यांतील माणूस पाय मारीत मागच्या भागावर पालथा चढतो, आधीं पाय आंत सरकवितो आणि अंग सोबत्याकडे वळवीत जागेवर बसतो. एकेकटी असतां दोन्ही होड्या डळमळणाऱ्या; पण एकमेकींना धरलें कीं त्यांची सांगड होते आणि ती सहसा उलटत नाहीं.

या कामांत वेळेचें मोल फार आहे. अतिशय थंड पाण्यांत पडलेल्या माणसाचें पहिलें १ मिनिट श्वास सांवरण्यांतच जातें. त्यानंतर सुमारें १० मिनिटेंच त्याचे हात उपयोगी पडतात. म्हणून सोडविण्याची क्रिया उन्हांत, हंसत खेळत, इतक्या वेळां करावयाची कीं संकटांत तिचा विचार करावा लागूं नये.

जिनो वॉटकिन्स या तरुण इंग्रज संशोधकाची हकीकत या संदर्भांत विसरतां येत नाहीं. १९३०-३१ मध्यें विमानमार्गाच्या पाहणीसाठीं तो ग्रीनलंडमध्यें तुकडी घेऊन गेला आणि तेथील शिकाऱ्यांपाशीं कायाक व गिरकी दोन्ही शिकला. १९३२ मध्यें तो पुन्हां गेला तो अवघ्या चौघांची तुकडी घेऊन. अन्नासाठीं सीलची शिकार करणें भाग होतें. त्या वर्षीं २० ऑगस्ट रोजीं तो एकटाच शिकारीस निघाला. नंतर सोबत्यांना त्याची रिकामी कायाक पाण्यावर तरंगतांना दिसली, आणि जवळच्या बर्फाच्या लादीवर त्याची विजार व कमरपट्टा सांपडला. देह मिळाला नाहीं. त्याचें वय २५ वर्षांचें होतें.

कौशल्यांत तो उणा नव्हता. त्या दिवशीं नेमकें काय घडलें हें कोणास सांगतां आलें नाहीं, कारण तें पाहावयास जवळ दुसरी होडी नव्हती. कायाक शिकूं इच्छिणाऱ्या तरुणानें, आणि त्याला पाण्यावर धाडणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं, एवढें एक लक्षांत ठेवावें. सुटका आणि वल्हें प्रत्येकानें स्वत: शिकावें, जमल्यास गिरकीहि साधावी, पण पाण्यावर जातांना सोडविण्याची क्रिया अवगत असलेला एक तरी सोबती हाकेच्या अंतरावर असावा, आणि त्याच्यासाठीं आपणहि तसेंच तयार असावें.