उन्हाची वीज आणि एक अनुत्तरित पत्र



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने सौर विजेवर बोलावे, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. निमंत्रण घेऊन मुख्याध्यापिकाबाई घरी आल्या, तेव्हा संतकाव्यातील सूर्याची रूपके असा काहीसा विषय मी सुचवीन, अशी त्यांची अपेक्षा होती. तो मला सोपाही गेला असता. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या आपल्या सरांचे एक पोस्टकार्ड माझ्याकडे सुमारे चाळीस वर्षे उत्तराविना पडून आहे. आजचे व्याख्यान म्हणजे त्या पत्राचे उत्तर आहे. उशिराबद्दल क्षमा मागण्याची सोय आता उरलेली नाही.

हकीकत थोडक्यात सांगतो. महानुभाव गद्यावरील प्रबंधाला पीएच.डी. मिळून मला फार दिवस झाले नव्हते. नावामागे 'डॉक्टर' लागल्यावर काही दिवस माणसाला सर्व विषयांत गती आल्यासारखी वाटते. त्या भरात मी एका प्रकाशकासाठी मुलांची एक विज्ञानपुस्तिका इंग्रजीवरून मराठीत आणली. तीत सौर घटावर दोन पाने होती. मी लिहिले की, सूर्याच्या उष्णतेने सिलिकॉनच्या चकत्या तापतात आणि त्या उष्णतेची वीज होते. मूळ इंग्रजीत असे कोठेही नव्हते. मला जे कळले नाही, ते मी माझ्या पदरचे घालून पुरे केले. आणखी एक ठिकाण अडले होते. इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर मागे राहते त्याला इंग्रजीत 'होल' म्हणतात. मी शब्दकोश उघडून 'छिद्र' लिहिले आणि पुढे गेलो.

पुस्तिकेची एक प्रत मी सरांना अभिमानाने धाडली. आठवड्यात पोस्टकार्ड आले. मजकूर तीन ओळींचा होता. भाषा गोड उतरली आहे, पण उन्हाने वीज होते, उष्णतेने नव्हे. आणि छिद्र जिथे पडते तिथेच राहते, तुझे छिद्र चालते कसे, ते कळव. बस्स. मला राग आला. मी उत्तर दिले नाही. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास सर गेले. पुस्तिकेच्या पुढे दोन आवृत्त्या निघाल्या आणि माझी चूक बिनतक्रार मुलांच्या हाती पडत राहिली.

आता सरांच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. दोन वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आपल्या शाळेच्या गच्चीवर सौर पॅनेल बसली. ती उन्हात तापतात हे खरे; पण तापणे हा त्यांच्या कामाचा भाग नसून त्यातला अडथळा आहे. प्रकाश हा सलग ओघासारखा भासला तरी देवघेव करताना तो सुट्या नाण्यांसारखा वागतो. ही गोष्ट आइन्स्टाइनने १९०५ साली मांडली आणि नोबेल पारितोषिक त्यांना या कामाचा उल्लेख करून मिळाले, सापेक्षतेसाठी नव्हे. प्रकाशाच्या या एकेका नाण्याला फोटॉन म्हणतात. सिलिकॉनच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक अणू आपल्या चार शेजाऱ्यांशी त्यांच्या साहाय्याने हातात हात गुंफून बसलेला असतो. हा हात सोडवून इलेक्ट्रॉन मोकळा करण्याची एक ठरावीक किंमत आहे. ती शास्त्रज्ञांच्या मापात सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशातला लाल फोटॉनसुद्धा ही किंमत मोजू शकतो; निळ्याजवळ तर दुपटीहून अधिक असते. उलट कपड्यांची तापलेली इस्त्री घ्या. तिच्यातून उष्णता भरपूर बाहेर पडते, पण त्या प्रारणाचा एकेक फोटॉन फार किरकोळ, जेमतेम पैशा-दोन पैशांचा. असे कितीही फोटॉन आले, तरी त्यांना वर्गणी काढून एक इलेक्ट्रॉन सोडवता येत नाही. म्हणून इस्त्री पॅनेलसमोर तासभर धरली तरी दिवा लागणार नाही, आणि कोवळ्या, थंड उन्हात मात्र वीज होते. सरांना मी एवढे एक वाक्य कळवू शकलो असतो.

मोकळा झालेला इलेक्ट्रॉन एवढ्याने वीज होत नाही. त्याला वाट दाखवली नाही, तर क्षणार्धात तो एखाद्या रिकाम्या जागी परत बसतो आणि मिळालेली ऊर्जा बहुतेक उष्णतेत विरते. येथे मानवी चातुर्य कामाला येते. सिलिकॉनच्या चकतीची जाडी मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी असते. तिच्या मुख्य भागात काही दशलक्ष अणूंमागे एखादा बोरॉनचा अणू मिसळतात. बोरॉनकडे तीनच इलेक्ट्रॉन, म्हणजे एक हात रिकामा. वरच्या पातळ थरात फॉस्फरस मिसळतात. त्याच्याकडे पाच, म्हणजे एक जास्तीचा. हे दोन थर जिथे भेटतात, त्या सीमेवर फॉस्फरसकडचे काही इलेक्ट्रॉन पलीकडे जातात आणि बोरॉनकडच्या रिकाम्या जागा भरतात. परिणामी सीमेच्या अलीकडे धन आणि पलीकडे ऋण भार ठाण मांडून बसतो. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या त्या पट्ट्यात एक कायमचा विद्युत उतार तयार होतो. कौलारू छपरावर पडलेले पाणी जसे पागोळीकडेच जाते, तसा या पट्ट्यापाशी पोहोचलेला प्रत्येक सुटा इलेक्ट्रॉन फॉस्फरसच्या बाजूला घसरतो. तिथून परतीची वाट बंद असते. त्याला घरी जायचे तर वरच्या चांदीच्या बारीक रेषांतून बाहेर पडून, तारेतून, दिव्यातून वळसा घेऊन चकतीच्या पाठीमागून यावे लागते. त्या वळशात तो आपले काम करून जातो.

एका घटात जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. म्हणून बरेच घट एकापुढे एक जोडून पॅनेल करतात. मिळणारी वीज एकाच दिशेने वाहणारी असते. ती घरातल्या विजेसारखी उलटसुलट करण्याचे काम जिन्याखालची इन्व्हर्टरची पेटी करते.

आता ते छिद्र. येथे मला १९६३-६४ च्या सुमाराचा आपला नववीचा वर्ग आठवतो. सरांनी एक ट्रान्झिस्टर रेडिओ उघडून टेबलावर ठेवला होता. आतमध्ये काय चालते, असे कोणीतरी विचारले. सरांनी पहिल्या बाकावर सहा मुले दाटीने बसवली आणि टोकाच्या मुलाला उठवले. मग शेजारच्याला त्याच्या जागी सरकायला सांगितले, मग त्याच्या शेजारच्याला, असे करीत शेवटपर्यंत. सर म्हणाले, मुले डावीकडे सरकली; उजवीकडे काय सरकले? आम्ही गप्प. मी त्या बाकावर तिसरा होतो. सरकलो होतो मी स्वतः, आणि वीस वर्षांनी 'छिद्र' लिहिताना तो बाक मला आठवला नाही!

सरकली होती ती रिकामी जागा. पंगतीत एक जण उठला आणि बाकीचे एकेक पान पुढे सरकले, की रिकामे पान उलट दिशेने चालू लागते; नेमके तसेच. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन एकीकडे जातात आणि ही रिकामी जागा दुसरीकडे. इलेक्ट्रॉनचा भार ऋण, म्हणून त्याची गैरहजेरी धन भारासारखी वागते. 'छिद्र' हा वस्तूला पडलेला दोष आहे; तो हलत नाही. मी आज तेथे 'उणीव' लिहीन. उण्याची उणीव म्हणजे अधिक, हे गणित मराठी कानाला न शिकवता पटते. परिभाषेच्या समित्यांना हा शब्द पसंत पडेल की नाही, याची मला फिकीर नाही. ज्या बडोद्यात १८९० साली कलाभवन निघाले आणि १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' छापला गेला, तिथल्या माणसाने अडलेल्या जागी कोशातला पहिला शब्द उचलून पळ काढावा, ही खरी लाजिरवाणी गोष्ट.

या विद्येचा इतिहास मोठा रंजक आहे, मोजकेच सांगतो. एडमंड बेकरेल या एकोणीस वर्षांच्या मुलाने १८३९ साली वडिलांच्या प्रयोगशाळेत, द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडताच वीज वाहते, हे प्रथम पाहिले. पुढे सेलेनियमचे घट झाले, पण ते उन्हातली शंभरातली एक वाटाही पदरात पाडू शकत नसत. १९४० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रसेल ओल यांच्या हाती सिलिकॉनचा एक तडा गेलेला तुकडा आला. त्यावर प्रकाश पडला की अनपेक्षित वीज वाहू लागे. तड्याच्या दोन बाजूंना अशुद्धी वेगवेगळ्या होत्या, म्हणजे वर सांगितलेला उतार तिथे आपोआप तयार झाला होता. त्याच संस्थेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी १९५४ साली सुमारे सहा टक्के वीज देणारा सिलिकॉनचा घट जगाला दाखवला. चार वर्षांनी व्हॅन्गार्ड उपग्रह तसले घट घेऊन गेला. त्याचा सौर प्रेषक १९६४ पर्यंत बोलत राहिला. म्हणजे सर आम्हांला बाकावरून सरकवीत होते, तेव्हा तो डोक्यावरून फिरत होता.

आजची चांगली पॅनेल शंभरातले वीस-बावीस भाग मिळवतात. बाकीचे जाते कोठे? दुर्बळ फोटॉन आरपार किंवा वाया जातात, आणि सबळ फोटॉनची वरची शिल्लक उष्णता होते. नाणे मोडून सुटे परत मिळण्याची तिथे सोय नाही. अशा एका सांध्याच्या घटाला उन्हाच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे फारसे जाता येणार नाही, असा हिशोब शॉक्ली आणि क्वाइसर यांच्या १९६१ च्या निबंधापासून चालत आला आहे. शिवाय घट २५ अंशांच्या वर जितका तापेल, तितकी दर अंशामागे वीज सुमारे ०.४ टक्क्याने घटते. तेवढेच ऊन असेल, तर गार वाऱ्यात पॅनेल अधिक देते. आपल्या बडोद्याजवळ नर्मदेच्या शाखा कालव्यावर पॅनेलचे जे छप्पर २०१५ मध्ये सुरू झाले, त्याचा एक लाभ हाच आहे: खालच्या पाण्यामुळे पॅनेल थोडी निवतात, आणि सावलीमुळे पाण्याची वाफ कमी होते. मोढेऱ्याचे सूर्यमंदिर अकराव्या शतकातले. त्या गावात हजारावर घरांच्या छपरांवर पॅनेल बसली आणि २०२२ च्या ऑक्टोबरात दिवसा-रात्री सौर विजेवर चालणारे गाव म्हणून ते जाहीर झाले. रात्रीची सोय बॅटऱ्यांनी केली आहे, कारण पॅनेल स्वतः काहीही साठवत नाही. ही गोष्ट मुलांनी विशेष लक्षात ठेवावी, परीक्षेत हमखास चुकते.

पोस्टकार्ड मी बरोबर आणले आहे. शाई फिकट झाली आहे, तरी 'चालते कसे' हे शब्द वाचता येतात. ते मी शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवण्यासाठी मुख्याध्यापिकाबाईंच्या स्वाधीन करतो. सोबत त्या पुस्तिकेची माझी प्रतही देतो, चुकीच्या दोन्ही जागी लाल शाईने खूण करून.

ऊन उतरायला अजून पाऊण तास आहे. इन्व्हर्टरच्या पेटीवरचा आकडा ढग येताच कसा पडतो, हे ज्यांना पाहायचे असेल, त्यांनी माझ्याबरोबर गच्चीकडे यावे. जिना अरुंद आहे; लहान मुलांनी पुढे व्हावे आणि माझ्यासारख्यांनी कठडा धरून मागून यावे.