पाण्याचा हक्क आणि न्यायालय

अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळें आणि ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळें वेळापूर सर्व महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु माळशिरस तालुक्यांत बारा महिने ज्याची चर्चा चालते तें पाटाचें पाणी होय. पाळी चुकली आणि ऊंस वाळूं लागला कीं शेतकरी प्रथम पाटकऱ्याला गांठतो, मग शाखाधिकाऱ्याला. तेथें उत्तर मिळतें, 'वरून हुकूम नाहीं.' या वरच्यांनाहि जाब विचारणारें कोणी आहे काय?

नीरा-देवघर धरणाचेंच उदाहरण घ्यावें. डाव्या कालव्यावर बारामती व इंदापूर. उजव्यावर फलटण, माळशिरस, पंढरपूर, सांगोला. जून 2019 मध्यें शासनानें डावीकडे जाणारें जादा पाणी उजवीकडे वळविण्याचें ठरविलें. फेब्रुवारी 2020 मध्यें मंत्रिमंडळानें तें फिरवून डाव्याला 55 व उजव्याला 45 टक्के अशी वांटणी केली. धरण तेंच होतें. मधल्या काळांत बदललें तें सरकार.

अशा निर्णयाविरुद्ध राज्यघटनेच्या 226 व्या कलमान्वयें उच्च न्यायालयांत जातां येतें. मात्र 45 टक्के योग्य कीं 50, याचा हिशेब न्यायमूर्ति सहसा मांडीत बसत नाहींत. निर्णय घेणाऱ्यास तसा अधिकार होता काय, ज्याचें पाणी घटलें त्याचें म्हणणें ऐकलें काय, कायद्यानें सांगितलेल्या गोष्टी विचारांत घेतल्या काय, हें ते तपासतात. निर्णय मनमानी ठरला तर तो रद्द होतो. पण बहुधा नवा निर्णय पुन्हा त्याच कचेरीनें घ्यावयाचा असतो. शेतकऱ्याची निराशा होते ती येथें.

जायकवाडीच्या वादांत हें स्पष्ट दिसलें. 2005 च्या कायद्यानें स्थापन झालेल्या जलसंपत्ति नियमन प्राधिकरणानें सप्टेंबर 2014 मध्यें 65 टक्क्यांचें सूत्र घातलें: 15 ऑक्टोबरला जायकवाडींत त्याहून कमी पाणी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावें. नाशिक व नगरकडील मंडळी न्यायालयांत गेली. सप्टेंबर 2016 मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें समन्यायी वाटपाची तरतूद वैध ठरविली आणि पिण्याच्या पाण्याला अग्रस्थान दिलें. तज्ज्ञांचें गणित मात्र आपल्या हातीं घेतलें नाहीं.

शिवाय कायदाच बदलला तर न्यायालयाचा गजहि बदलतो. शेती, उद्योग व पिणें यांत पाणी वांटण्याचा प्राधिकरणाचा अधिकार 2011 च्या दुरुस्तीनें मंत्रिमंडळाकडे गेला. ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठ बसूं लागलें. सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेंत येतो. वेळापूरकराची मुंबईची खेप त्यामुळें वांचली. पण रब्बीची पाळी तारखांसाठीं थांबत नाहीं; म्हणून अर्जासोबतच तात्पुरता आदेश मागावा लागतो. तो मागतांना सात नंबरच्या अर्जाची पोंच आणि पाणीपट्टीची पावती हातीं हवी. यांपैकीं एक कागद जरी गहाळ असला तरी वकिलाचें पहिलें वाक्यच अडतें.