निजलेला अग्नि आणि विझलेला अग्नि

इ. स. १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची भूमि हादरली. लातूर-उस्मानाबादकडील गांवेंच्या गांवें स्वतःच्याच भिंतींखालीं गाडलीं गेलीं. सुमारें दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. त्यानंतर पुष्कळांच्या मनांत एकच शंका घोळत राहिली : पोटांतला ज्वालामुखी तर जागा झाला नाहीं ना?

शंका अगदींच निराधार नव्हे. उमरीस एखाद्या जुन्या घराच्या पायांतला काळा फत्तर पाहावा; तो थिजलेला लाव्हारसच होय. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीस लांबच लांब भेगा पडून हा रस थरावर थर पसरत गेला. शंकूसारखा डोंगर आणि माथ्यावर धूर, हें शाळेच्या पुस्तकांतलें चित्र येथें लागू पडत नाहीं. पश्चिमेस थेट समुद्रापर्यंत हाच पाषाण आहे. मुंबईस अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, उभ्या खांबांची जणूं जुडीच, त्याच युगांतली. उलट उमरीहून दक्षिणेस बिलोली-देगलूरकडे जावें, तों हें काळें पांघरूण संपून फार प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो.

खरोखर निजलेला अग्नि पाहावयाचा तर अंदमानच्या समुद्रांत जावें. तेथील बॅरन बेट दीडशेंहून अधिक वर्षें शांत होतें. १९९१ सालीं तें अकस्मात् जागें झालें आणि पुढेंही अनेकदां धगधगलें. त्या बाजूस पृथ्वीच्या कवचाचा एक भाग दुसऱ्याखालीं सरकत असतो, म्हणून खालीं नवा रस सिद्ध होत राहतो. मराठवाड्याखालीं तसें कांहीं घडत नाहीं. येथील अग्नि केव्हांच विझला. किनवटकडील उनकेश्वराचें ऊन पाणी पाहून कोणी बिचकूं नये. खोल गेलेलें पावसाचें पाणी तेथल्या स्वाभाविक उष्णतेनें तापून भेगांवाटे वर येतें, इतकेंच.

मग किल्लारी कां हादरली? भूकंपानंतर तेथें भोक पाडून पाहिलें, तेव्हां ३३८ मीटर काळा पाषाण लागला, त्याखालीं गाळाचा पातळसा थर, आणि पुढें जुना कठीण खडक. वितळलेला रस कोठेंच नाहीं. उत्तरेकडे रेटल्या जाणाऱ्या भारतभूमीच्या खडकांत ताण साठतो व एखादी जुनी भेग सरकते. घात केला तो मात्र घरांनीं. मातींत रचलेल्या गोल दगडांच्या दोन-तीन हात रुंद भिंती आणि माथ्यावर मातीचें जड धाबें! भिंतीची आंतली व बाहेरली बाजू सांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणीं घातलेलाच नव्हता.