जुनी मोटार आणि ग्राहकाचे हक्क



२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने पात्र सोडले, तेव्हा कोल्हापुरात घरांप्रमाणे वाहनांतही पाणी शिरले. पुरात बुडालेली मोटार धुऊन-पुसून नव्यासारखी दिसते. परंतु तारांच्या जोडांत राहिलेला ओलावा काही महिन्यांनी आपला प्रताप दाखवितो. अशी गाडी एखाद्या शिक्षकाने आयुष्याची बचत खर्चून घेतली, तर त्याला कायद्याचा आधार कोणता?

पहिला आधार १९३० च्या मालविक्री कायद्याचा. त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याने वर्णनावरून विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही अट लेखी नसली तरी गृहीत धरली जाते. मात्र ग्राहकाने माल पाहून घेतला असल्यास, त्या पाहणीत सहज आढळावयास हवा होता अशा दोषाला हे संरक्षण नाही. म्हणून वरवर पाहून होकार देऊ नये. माहीतगार मिस्त्रीकडून गाडी तपासावी आणि ती पुरात वा अपघातात सापडलेली नाही, असे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. फसविण्यासाठी दोष जाणूनबुजून झाकणे हे १८७२ च्या करार कायद्यानुसार कपट होय. अशा वेळी खरेदीदार व्यवहार रद्द ठरवून घेऊ शकतो.

दुसरा आधार २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. वाहनविक्रेत्याविरुद्ध आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकीलही अनिवार्य नाही. आयोग दुरुस्ती, पैसे परत किंवा भरपाई यांचा आदेश देऊ शकतो. शेजाऱ्याने आपली एखादी गाडी विकली, तर तो व्यापारी ठरत नाही. तेथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे.

विकणाऱ्यानेही सावध असावे. नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव, तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विकलेल्या गाडीचा अपघात झाल्यास भरपाईचा बोजा जुन्या मालकावर येऊ शकतो. विक्रीची सूचना परिवहन कार्यालयाला चौदा दिवसांत द्यावी. एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना अधिकारपत्र घेणे बंधनकारक आहे. ते पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

शंका असल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर विचारणा करावी. पावती, जाहिरात आणि लेखी हमी जपून ठेवावी. तोंडी आश्वासन आयोगापुढे सिद्ध करणे कठीण. कागद मात्र आपली बाजू स्वतःच मांडतो.